वाचकाचे बोट धरून त्याला दुसऱ्या भाषेत नेऊन सोडणारा संपादक

१९०९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘फोरवर्ट्स’ या दैनिकात बेसबॉलच्या मैदानाची एक आकृती छापून आली. आकृतीतल्या जागांची नावे आणि सोबतचे स्पष्टीकरण उजवीकडून डावीकडे वाचायच्या हिब्रू लिपीत होते, भाषा यिडिश होती, आणि लेखाचा हेतू सरळ होता : शाळा सुटल्यावर आपला मुलगा ज्या खेळापायी जेवणखाण विसरतो तो खेळ नेमका काय आहे, हे ज्यांनी जन्मात कधी चेंडूफळी हातात धरली नाही अशा आईबापांना समजावून सांगणे. हे दैनिक कामगारांचे होते, समाजवादी होते आणि उठताबसता मार्क्सचे नाव घेणारे होते. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या वर्तमानपत्राने खेळाच्या नियमांवर रकाने का खर्च करावेत, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्या दैनिकाच्या संपादकाच्या आयुष्यात आहे, आणि ते आयुष्य समजले तर परक्या देशात येऊन पडलेला एक अख्खा समाज पन्नास वर्षांत कसा बदलतो हेही बऱ्याच अंशी समजते.

त्या संपादकाचे नाव अब्राहम काहान. १८८२ मध्ये ते रशियातून पळून अमेरिकेत आले आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. मधल्या काळात त्यांनी सुमारे अर्धे शतक ‘फोरवर्ट्स’ चालवला आणि तो जगातल्या सर्वांत मोठ्या यिडिश दैनिकाच्या पदाला नेला.

यिडिश म्हणजे काय, हे आधी पाहू. महाराष्ट्रात ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्रायल आठवतात, ज्यांची मातृभाषा मराठी आहे आणि ज्यांच्यापैकी इस्रायलला गेलेल्या मंडळींनी तिथेही मराठी जपली. ज्यू ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्या मुलखाची भाषा त्यांनी आपलीशी केली, हा सर्वसाधारण अनुभव आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंची गोष्ट मात्र थोडी निराळी घडली. मध्ययुगात जर्मन प्रदेशात उचललेली बोली बरोबर घेऊन ते पोलंड, लिथुएनिया आणि युक्रेनकडे सरकले, तिच्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्द मिसळत गेले, लिपी हिब्रूच राहिली, आणि तीच त्यांची घरातली, बाजारातली आणि भांडणातली भाषा झाली. प्रार्थना आणि शास्त्र हिब्रूत, सरकार दरबार रशियनमध्ये आणि उरलेले सगळे आयुष्य यिडिशमध्ये, अशी ती वाटणी होती. शिकलेल्या माणसांना या भाषेची थोडी लाजच वाटे. तिला ते ‘जारगॉन’, म्हणजे अर्धवट बोली, म्हणत.

काहान यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी विल्नाजवळच्या एका खेड्यात झाला. आजचे व्हिल्नियस ते हेच शहर. आजोबा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते आणि वडील मुलांना हिब्रू शिकवणारे पंतोजी होते. मुलाने धर्मग्रंथांचा अभ्यास करावा, ही घरची इच्छा स्वाभाविक होती, पण मुलाला रशियन पुस्तकांची गोडी लागली आणि पुढे तो विल्नातल्या ज्यू शिक्षकांसाठी असलेल्या सरकारी अध्यापक विद्यालयात दाखल झाला. त्या काळात रशियन शिकणे म्हणजे नुसती एक भाषा शिकणे नव्हते. त्या भाषेबरोबर बंदी घातलेली पुस्तके येत, गुप्त मंडळे येत आणि झारशाही उलथून टाकण्याची स्वप्नेही येत. काहान अशाच एका मंडळात ओढले गेले.

मार्च १८८१ मध्ये क्रांतिकारकांनी झार दुसरा अलेक्झांडर याची बॉम्बने हत्या केली. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा काहान यांच्याशी संबंध आला. दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, ज्यांना पोग्रोम म्हणतात, आणि दुसरीकडे पोलिसांनी संशयितांची धरपकड चालवली. वेलीझ या गावी नुकत्याच शिक्षकाच्या नोकरीवर रुजू झालेल्या काहान यांच्या खोलीची झडती झाली. पुढे काय होणार हे त्यांना कळले आणि ते निसटले. वाटेत त्यांना पॅलेस्टाईनला जाऊन वसाहत करू पाहणारे तरुण भेटले, तसेच अमेरिकेत जाऊन सामुदायिक शेती करू पाहणारेही भेटले. काहान यांनी अमेरिका निवडली. ६ जून १८८२ रोजी ते फिलाडेल्फियाला उतरले आणि लगोलग न्यूयॉर्कला पोहोचले. शेती राहूनच गेली.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले, आणि काहान त्या लोंढ्याच्या अगदी तोंडाशी होते. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात ही माणसे दाटीवाटीने राहत. पाच-सहा मजली इमारती, कोंदट खोल्या, त्याच खोल्यांत शिलाईची यंत्रे, खाली रस्त्यावर हातगाड्यांची गर्दी. गिरणगावातल्या चाळींचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर फारसे चुकणार नाही, फक्त थंडी तेवढी जबर. काहान यांनी आधी विड्यांच्या, म्हणजे सिगारच्या कारखान्यात काम केले, मग पत्र्याच्या. इंग्रजी उच्चार नीट यावेत म्हणून हा बावीस वर्षांचा मिशीवाला गृहस्थ काही काळ प्राथमिक शाळेत बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसला. थोडे इंग्रजी येताच रात्रीच्या वर्गात तो इतर नवख्यांना शिकवू लागला.

त्याच उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. काही शिकलेल्या रशियन ज्यूंनी आपल्या स्थलांतरित बांधवांमध्ये समाजवादाचा प्रचार करण्यासाठी एक मंडळ काढले होते आणि मंडळाच्या सभेत भाषण रशियनमध्ये झाले. समोर बसलेल्या शिंपी-कामगारांपैकी बहुतेकांना रशियन धड येत नव्हते. काहान यांनी विचारले की, ज्यांना समाजवाद सांगायचा आहे त्यांच्या भाषेतच तो का सांगू नये? लोक हसले. यिडिशमध्ये भाजीचा भाव करता येतो, तिच्यात राजकीय सिद्धान्त कसा मांडणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मग तूच बोल, असे उत्तर मिळाले. ऑगस्टमध्ये पत्रके वाटून सभा भरवली गेली, जागा होती एका जर्मन मद्यालयाच्या मागचे दालन, आणि काहान तिथे यिडिशमध्ये बोलले. अमेरिकेतले यिडिशमधले पहिले समाजवादी भाषण म्हणून त्याची नोंद होते. पुढची सगळी कारकीर्द या एका भाषणात बीजरूपाने दिसते : विचार कितीही मोठा असो, तो ऐकणाऱ्याच्या जिभेवरच्या भाषेत सांगता आला नाही तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे.

१८९० मध्ये ‘आर्बेटर त्सायटुंग’ हे कामगारांचे यिडिश साप्ताहिक सुरू झाले आणि काहान त्यात लिहू लागले. पुढच्याच वर्षी ते त्याचे संपादक झाले. त्यांनी तिथे एक सदर चालवले आणि लेखकाचे टोपणनाव घेतले ‘कष्टकऱ्यांचा मॅगिड’. मॅगिड म्हणजे गावोगाव फिरून प्रवचन करणारा. आपल्याकडे कीर्तनकार जसा पूर्वरंगात एखादा अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात श्रोत्यांना आख्यानात गुंतवून हवे ते त्यांच्या गळी उतरवतो, तशीच काहीशी मॅगिडची पद्धत असे. दर आठवड्याला सभास्थानात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, जो भाग वाचला जाई तोच काहान आपल्या सदरासाठी घेत. मोशेने, म्हणजे ज्यूंचा प्रेषित मोझेस याने, लोकांना एकत्र जमवून सहा दिवस काम करा आणि सातव्या दिवशी विसावा घ्या असे सांगितले, हा भाग आला की ते तेवढ्यावरून कोट शिवणाऱ्यांच्या संपाकडे वळत आणि सांगत की, पाहा, आठवड्यातून सहा दिवसांहून अधिक काम मालकाला काढून घेऊ देऊ नका, असे खुद्द मोशेचेच म्हणणे आहे. काहान स्वतः नास्तिक होते. पण ज्या माणसाच्या कानात लहानपणापासून प्रवचनाचा सूर भिनला आहे त्याला जर्मन तत्त्वज्ञानाच्या सुरात बोलावले तर तो येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. धार्मिक मंडळींना हा प्रकार अर्थातच रुचला नाही.

याच सुमारास ते इंग्रजीतही लिहीत होते. विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या मातब्बर अमेरिकन कादंबरीकाराने त्यांना उत्तेजन दिले आणि १८९६ मध्ये ‘येक्ल’ ही त्यांची छोटी इंग्रजी कादंबरी आली. तिचा नायक अमेरिकेत येऊन जेक होतो, दाढी काढतो, नाचाच्या वर्गाला जातो, आणि मागाहून रशियातून बायको येते तेव्हा धर्मरिवाजाप्रमाणे केस झाकून आलेल्या त्या बाईची त्याला लाज वाटते. प्रकरण घटस्फोटापर्यंत जाते. विशेष म्हणजे, घटस्फोट मिळाल्यावर जेक जिंकल्यासारखा दिसत नाही, हरल्यासारखा दिसतो. स्थलांतरित माणसाने किती बदलावे आणि कुठे थांबावे, हा प्रश्न काहान यांना आयुष्यभर पुरला. १९१७ मध्ये आलेल्या ‘द राइझ ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की’ या त्यांच्या मोठ्या कादंबरीतही तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ शिकलेला एक गरीब मुलगा कपड्यांचा लक्षाधीश कारखानदार होतो आणि शेवटी रित्या घरात एकटा उरतो. माझ्या मते ही कादंबरी त्यांच्या अग्रलेखांहून अधिक काळ टिकली, कारण अग्रलेखात ते वाचकाला पुढे ढकलत, तर कादंबरीत त्या ढकलण्याची किंमत मोजत.

‘फोरवर्ट्स’ २२ एप्रिल १८९७ रोजी निघाला. नाव बर्लिनच्या समाजवादी ‘फोरवेर्ट्स’ या पत्रावरून घेतले होते आणि अर्थ होता ‘पुढे’. समाजवादी पक्षातल्या भांडणातून फुटून निघालेल्या गटाने तो काढला होता आणि पहिले संपादक काहान होते, परंतु काही महिन्यांतच सहकाऱ्यांशी न पटल्याने ते बाहेर पडले. भांडण मजकुराबद्दल होते. सहकाऱ्यांना पक्षाचे मुखपत्र हवे होते, काहान यांना लोकांनी आपण होऊन विकत घ्यावे असे वर्तमानपत्र हवे होते.

पुढची चार वर्षे ते ‘कमर्शियल ॲडव्हर्टायझर’ या इंग्रजी दैनिकात बातमीदार होते. लिंकन स्टीफन्स तिथे शहर विभागाचे संपादक होते. पोलीस ठाणी, कोर्टकचेऱ्या, खून, आगी, निवडणुका, सगळीकडे काहान यांनी पायपीट केली. खुनाच्या बातमीत कोणी कोणाला मारले हे दोन ओळींत संपते, पण त्या माणसावर ही वेळ कशी आली हे सांगितले तर वाचक शेवटपर्यंत वाचतो, ही गोष्ट ते या कचेरीत शिकले. त्या बदल्यात त्यांनी तिथल्या हार्वर्डी सहकाऱ्यांना लोअर ईस्ट साइडच्या चहाखान्यांत आणि यिडिश नाटकांना नेले. त्यांच्यातल्या हचिन्स हॅपगुड यांनी पुढे त्या वस्तीवर एक वाचनीय पुस्तकही लिहिले.

१९०२ मध्ये ‘फोरवर्ट्स’ने त्यांना परत बोलावले, पुन्हा खटके उडाले, आणि १९०३ मध्ये संपादकाला पूर्ण अधिकार या अटीवर ते जे परतले ते कायमचेच.

पहिला फरक पडला तो भाषेत. त्या काळची यिडिश वर्तमानपत्रे भारदस्त दिसावे म्हणून जर्मन शब्दांचा भरणा करत. संस्कृतप्रचुर मराठीत लिहिलेले सरकारी परिपत्रक वाचताना आपली जी अवस्था होते तीच शिलाईयंत्रावर बारा तास घालवून आलेल्या वाचकाची होत असे. काहान यांनी तो सगळा डोलारा उतरवला. घरी जसे बोलता तसे लिहा, असा त्यांचा नियम होता, आणि घरी लोक आता ‘शॅप’, ‘बॉस’, ‘स्ट्राइक’, ‘विंदे’ असे बोलू लागले होते. यातला ‘विंदे’ म्हणजे खिडकी. हे इंग्रजी शब्द त्यांनी खुशाल छापले. श्रीमंत होऊन शेफारलेल्या माणसाला ‘ऑलराइटनिक’ म्हणत, तोही शब्द पत्राच्या पानांवर नांदू लागला. यिडिशच्या अभिमान्यांचा यामुळे तिळपापड झाला. हा माणूस आपली भाषा बाटवतो आहे, असा त्यांचा आरोप होता. भाषाशुद्धीचा वाद मराठी वाचकाला नवा नसल्याने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद इथे वेगळे सांगायला नकोत. एवढे मात्र नोंदवावे लागेल की, काहान यांना यिडिश टिकावी असे फारसे वाटतच नव्हते. ती त्यांच्या लेखी नदी ओलांडायची नाव होती, आणि नाव डोक्यावर घेऊन कोणी पुढे चालत नाही.

दुसरा फरक विषयांत पडला. आयांनी मुलांना रुमाल द्यावा आणि नाक पुसायला शिकवावे, अशा अर्थाचा मजकूर पत्रात आला तेव्हा कडव्या समाजवाद्यांनी विचारले की, याचा समाजवादाशी काय संबंध? काहान यांनी उलट विचारले की, समाजवादाचे स्वच्छ नाकाशी केव्हापासून वैर आहे? १९०३ मध्येच एका बापाचे पत्र आले. हा बेसबॉल म्हणजे मोठी माणसे पोरांसारखी धावतात असला रानटी प्रकार आहे, माझ्या मुलाने माणूस व्हावे की धावणारा दांडगट, अशी त्याची तक्रार होती. काहान यांनी उत्तर दिले की, अभ्यासाच्या आड येत नसेल तर मुलांना खुशाल खेळू द्या आणि चांगले खेळू द्या, कारण आपली मुले त्यांच्या स्वतःच्या जन्मभूमीत परकी म्हणून वाढता कामा नयेत. सुरुवातीला सांगितलेली मैदानाची आकृती या उत्तरानंतर सहा वर्षांनी छापली गेली.

पण ‘फोरवर्ट्स’ घराघरांत गेला तो ‘बिंटेल ब्रीफ’मुळे. शब्दाचा अर्थ पत्रांचा जुडगा. २० जानेवारी १९०६ रोजी हे सदर सुरू झाले आणि त्याचे कारण अगदी साधे होते : संपादकाकडे अशी काही पत्रे आली होती जी दैनिकातल्या कोणत्याच ठरलेल्या जागेत बसत नव्हती. त्यांतले एक पत्र एका गरीब आईचे होते. तिच्या मुलाचे घड्याळ घरातून नाहीसे झाले होते आणि शेजारणीवर तिचा संशय होता. हे घड्याळ म्हणजे त्या घरची शिल्लक होती, कारण काम बंद पडले की ते गहाण ठेवायचे आणि दिवस ढकलायचे. बाईने पोलिसांत जाण्याऐवजी वर्तमानपत्रात लिहिले आणि शेजारणीला विनवले की, तुझी अडचण मला कळते, पण निदान गहाणाची पावती तरी टपालाने पाठवून दे, मग आपण पूर्वीसारख्याच शेजारणी राहू, मी अवाक्षर काढणार नाही.

या एका पत्रात काय काय आहे ते पाहण्यासारखे आहे. चोरी आहे, पण खलनायक नाही. गहाणवट्याच्या दुकानावर चालणारे अर्थशास्त्र आहे. आणि रशियातल्या खेड्यात हा तंटा ज्या रब्बीपुढे किंवा चार वडीलधाऱ्यांपुढे गेला असता ते कोणीच इथे उरलेले नाहीत, त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन जायला जागा राहिली आहे ती संपादकाची. काहान यांनी ही रिकामी जागा ओळखली. सुरुवातीच्या पत्रांना ते स्वतः उत्तरे लिहीत. समाजवादी मुलाने धर्मनिष्ठ बापाबरोबर सिनेगॉगमध्ये जावे का? कारखान्यात मुकादम अंगचटीला येतो, नोकरी सोडली तर घरी खायला नाही, काय करू? मूळ गावी बायको असताना इथे दुसरीवर जीव जडला आहे, पुढे काय? ज्यांना लिहिता येत नव्हते अशी माणसे थेट कचेरीत येऊन आपली हकीकत लिहवून घेत. उत्तरे बहुधा थोडक्यात असत आणि त्यांत पोथीनिष्ठा कमी असे. म्हाताऱ्या बापाचे मन राखण्यासाठी नास्तिकाने सणाला सिनेगॉगमध्ये गेल्याने त्याच्या मतांना धक्का लागत नाही, असा त्या उत्तरांचा एकंदर कल होता.

आणखी एक सदर याहून रोखठोक होते. बायकामुलांना टाकून पसार झालेल्या पुरुषांची छायाचित्रे ‘फोरवर्ट्स’ छापत असे, नावागावासकट. हे समजण्यासाठी ज्यू धर्मशास्त्रातली एक बाब माहीत हवी. नवऱ्याने रीतसर घटस्फोटपत्र दिल्याखेरीज बाईला पुन्हा लग्न करता येत नाही. नवरा नुसता बेपत्ता झाला तर ती ‘अगुना’, म्हणजे बांधलेली, म्हणून जन्मभर अडकून पडते. अमेरिकेसारख्या अफाट देशात नाव बदलून दुसऱ्या शहरात नाहीसे होणे पुरुषाला सोपे होते. परित्यक्तांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय संस्था १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली होती. तिच्याकडून ही छायाचित्रे येत, शिकागोतला किंवा क्लीव्हलंडमधला एखादा वाचक शेजारच्या दुकानदाराचा चेहरा ओळखी आणि कळवी. देशभर खप असण्याचा असाही उपयोग होता.

एवढे सगळे करताना पत्राने कामगारांची बाजू सोडली होती असे मात्र नाही. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालली असताना क्लारा लेमलिख ही तरुण कामगार उठली, यिडिशमध्ये चार वाक्ये बोलली आणि ब्लाउज शिवणाऱ्या मुलींचा तो संप उभा राहिला, जो ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणून ओळखला जातो. ‘फोरवर्ट्स’ने त्याच्या पाठीशी आपली सगळी ताकद लावली. दीडच वर्षाने, २५ मार्च १९११ रोजी, ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. चार दिवसांनी ‘फोरवर्ट्स’च्या पहिल्या पानावर मॉरिस रोझेनफेल्ड या कामगार कवीचे शोककाव्य वरपासून खालपर्यंत छापले गेले. मेलेल्या मुली वाचकांच्याच घरातल्या होत्या.

दैनिकाचा मालक कोणी शेठ नव्हता. समाजवादी कार्यकर्त्यांची एक संस्था ते चालवत असे आणि नफा उरला तर तो संपाच्या निधीला, कामगार संघटनांना, मदतकार्याला जाई. नफा उरे, कारण खप वाढत होता आणि जाहिराती येत होत्या. १९१२ मध्ये ईस्ट ब्रॉडवेवर पत्राची स्वतःची दहा मजली इमारत झाली. आजूबाजूच्या ठेंगण्या वस्तीत ती दुरून दिसे आणि तिच्या दर्शनी भागावर मार्क्स, एंगेल्स यांचे चेहरे कोरलेले होते. १९१४ मध्ये या वस्तीतून मेयर लंडन हे समाजवादी उमेदवार अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले तेव्हा निकाल ऐकायला लोक याच इमारतीसमोर जमले होते.

पहिल्या महायुद्धात पत्र अडचणीत आले. झारवरच्या रागापोटी काहान आणि त्यांचे पुष्कळ वाचक जर्मनीकडे झुकले होते. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर सरकारने विरोधी पत्रांची टपालाची सवलत काढून घेण्याचा बडगा उगारला. ही सवलत नसेल तर बाहेरगावचे अंक पाठवणे परवडत नाही, म्हणजे पत्र बंदच. काहान यांनी युद्धविरोधी मजकूर छापणे थांबवले आणि पत्र वाचवले. रशियन क्रांतीचे त्यांनी आधी स्वागत केले होते, पण तिथल्या तुरुंगांच्या हकिकती येऊ लागल्या तसा त्यांचा भ्रमनिरास झाला आणि १९२० च्या दशकात ‘फोरवर्ट्स’ कम्युनिस्टांचा कट्टर विरोधक बनला. कम्युनिस्टांनी १९२२ मध्ये ‘फ्रायहाइट’ हे स्वतःचे यिडिश दैनिक काढले आणि दोन्ही पत्रांनी एकमेकांची सालटी काढण्यात कसूर केली नाही.

कचेरीतले काहान हुकूमशहाच होते, हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. कोणाची कादंबरी हप्त्याहप्त्याने छापायची आणि कोणाची नाही हे त्यांच्या मर्जीवर ठरे, आणि यिडिश लेखकाला पोट भरायला एवढे मोठे दुसरे पान उपलब्ध नव्हते. इस्राएल जोशुआ सिंगर यांना त्यांनी हात दिला. त्यांचे धाकटे भाऊ आयझॅक बाशेव्हिस सिंगर १९३५ मध्ये वॉर्सॉहून आले आणि आयुष्यभर ‘फोरवर्ट्स’मध्ये लिहीत राहिले. १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले त्यांचे बरेचसे लेखन आधी या दैनिकाच्या रकान्यांत छापले गेले होते. उलट शोलेम अॅश या लोकप्रिय कादंबरीकाराने येशूच्या जीवनावर कादंबरी लिहिली तेव्हा काहान यांनी ती छापायला नकार दिला, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. जन्मभर धर्माला विरोध केलेल्या माणसाने धर्मबाह्यतेच्या कारणावरून एका लेखकाला वाळीत टाकावे, हे विचित्र खरेच. पण युरोपात ज्यूंवर हिटलरचे संकट आलेले असताना येशूचा गौरव करणे त्यांना शत्रूला सामील होण्यासारखे वाटले असावे. तरीही त्यांनी वापरलेली भाषा आजही खटकते.

१९२० च्या दशकात ‘फोरवर्ट्स’चा खप अडीच लाखांच्या पुढे गेला, वेगवेगळ्या शहरांतून त्याच्या आवृत्त्या निघत. नेमक्या त्याच वेळी त्याच्या अस्ताची तजवीजही झाली होती. १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या मूठभर केली, म्हणजे नवे वाचक येणे थांबले. जुन्या वाचकांची मुले अमेरिकन शाळांत शिकून इंग्रजी वर्तमानपत्रे घेऊ लागली, आणि यिडिश बोलणाऱ्यांचा जो मूळ साठा पोलंड-लिथुएनियात होता तो पुढे नाझींनी नष्ट केला. तिसऱ्या कारणाची कल्पना कोणालाही करता येणे शक्य नव्हते. पहिली दोन मात्र काहान यांना दिसत होती, आणि दुसरे तर त्यांनी स्वतः हाताने घडवले होते. मुलांना शाळेत पाठवा, रात्रीच्या वर्गाला जा, इंग्रजी शिका, मतदार व्हा, बेसबॉल समजून घ्या, हे त्यांनी रोज छापले. ज्या वाचकाने संपादकाचे सगळे ऐकले त्याच्या मुलाला तो अंक वाचता येईनासा झाला.

१९४६ मध्ये काहान यांना पक्षाघाताचा झटका आला. ३१ ऑगस्ट १९५१ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी ते गेले तेव्हाही संपादक म्हणून नाव त्यांचेच होते. पत्र १९८३ मध्ये साप्ताहिक झाले, १९९० मध्ये त्याचे स्वतंत्र इंग्रजी साप्ताहिक निघाले, आणि २०१९ मध्ये छापील अंक बंद होऊन दोन्ही भाषांतला मजकूर केवळ इंटरनेटवर येऊ लागला. ईस्ट ब्रॉडवेवरच्या इमारतीत आता महागड्या सदनिका आहेत.

काहान यांनी १९२६ ते १९३१ या काळात आपले आत्मचरित्र पाच खंडांत प्रसिद्ध केले. इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव मिळवलेल्या या माणसाने ते मात्र यिडिशमध्ये लिहिले. त्यातले पहिले दोन खंड, म्हणजे विल्नातले बालपण आणि न्यूयॉर्कमधली सुरुवातीची वर्षे, १९६९ मध्ये इंग्रजीत भाषांतरित होऊन आले. भाषांतराची गरज होती, कारण ज्यांच्या आजोबांनी संपादकाला घड्याळाची, नवऱ्याची आणि बेसबॉलची पत्रे लिहिली होती, त्या नातवंडांना ते पुस्तक मुळातून वाचता येत नव्हते.